नवीन आहात? मग विज्ञान, क्रीडा आणि सांस्कृतिक तुमच्याकडे!

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रुजू झालं की पहिल्याच आठवड्यात कामांची वाटणी होते. पोषण आहाराच्या नोंदी जुन्या सरांकडे असतात, शिष्यवृत्तीचा वर्ग बाईंकडे असतो. उरतात विज्ञान, क्रीडा आणि सांस्कृतिक ही तीन खाती, आणि ती नव्या माणसाच्या पदरात पडतात. द्विशिक्षकी शाळेत तर विचारायलाच नको. डी.एड.ला पाठाचं टाचण काढायला शिकवलेलं असतं. अकरा संघांचा ड्रॉ कसा टाकायचा, पर्जन्यमापक कुठे ठेवायचा, मंडपवाल्याला किती आधी सांगायचं, हे कुणी शिकवत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ही तीन खाती वेगवेगळी धरली तर वर्षभर धावपळ होते आणि वर्गाचे तास बुडतात. एकत्र धरली तर ओझं निम्मं होतं. मैदान आखणं ही भूमिती आहे, धावून आल्यावर नाडी मोजणं हे विज्ञान आहे, आणि संमेलनात भिंतीवर लागणारा तक्ता मुलांनी जूनपासून भरलेला असला पाहिजे. कार्यक्रमासाठी वेगळं काही ‘बसवायचं’ नाही. रोज जे चालतं तेच त्या दिवशी गावाला दाखवायचं.

पहिली पायरी: तारखा

एक दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानांवर जून ते एप्रिल असे महिने पाडा आणि आधी ज्या तारखा आपल्या हातात नाहीत त्या लिहा. दिवाळीची सुट्टी, पहिल्या सत्राची संकलित चाचणी, पाचवीच्या मुलांची नवोदयची परीक्षा आणि शिष्यवृत्तीची परीक्षा. या दोन्ही परीक्षा साधारण हिवाळ्यातच येतात, त्यामुळे क्रीडास्पर्धांशी त्यांची टक्कर ठरलेली. मग गावाच्या तारखा लिहा: जत्रा, आठवडी बाजाराचा वार, सुगीचे दिवस. जत्रेच्या आदल्या दिवशी पालकसभा ठेवणाऱ्या शिक्षकासमोर रिकाम्या सतरंज्या असतात. अमावास्येला कार्यक्रम ठेवायला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही, पण नारळ फोडायला येणारे अध्यक्ष त्या दिवशी नेमके परगावी जातात. यावर वाद घालण्यापेक्षा दुसरा दिवस धरा.

आता दिनविशेष. यादी लांबलचक आहे. २१ जूनचा योग दिन, १ जुलैचा कृषी दिन, २९ ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणजे मेजर ध्यानचंद यांची जयंती, ५ सप्टेंबर, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, २२ डिसेंबरचा गणित दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, १५ जानेवारीला खाशाबा जाधव यांच्या जयंतीचा राज्य क्रीडा दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. प्रत्येकाचं परिपत्रक येतं, आणि प्रत्येकाचा फोटो केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, व्हॉट्सॲप गटावर संध्याकाळपर्यंत मागितला जातो. सगळे दिवस सारख्याच थाटात करायला गेलात तर शिकवायचं कधी? शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास.

म्हणून बहुतेक दिनविशेष परिपाठातच आटपा. प्रतिमापूजन, दोन मुलांची भाषणं, एक प्रश्न, दहा मिनिटं. वर्षातले चारच दिवस मोठे ठेवा: १५ ऑगस्ट, शाळेची क्रीडास्पर्धा, २८ फेब्रुवारी आणि स्नेहसंमेलन. बालबाजाराची हौस असेल तर पाचवा. या दिवसांच्या तयारीला जागा हवी म्हणून शनिवार राखून ठेवा. सकाळची शाळा असते, ऊन कोवळं असतं, आणि २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ सरकारनेच सांगितला असल्यामुळे कुणाला कारण द्यावं लागत नाही.

वहीच्या मागच्या बाजूने शाळेतल्या सगळ्या मुलांची नावं लिहा, पटावरची एकूण एक. पुढे तीन रकाने पाडा: प्रयोग स्वतःच्या हाताने केला, मैदानावर सामना खेळला, मंचावर उभं राहिलं. जसं घडेल तशी तारीख टाका. डिसेंबरात ही पानं उघडली की कोण राहिलंय ते दिसतं, आणि तीच मुलं असतात: मागच्या बाकावरची, बुजरी, गैरहजेरी जास्त असणारी. चार हुशार पोरांना सगळीकडे पळवणारी शाळा ढाली खूप आणते, पण बाकीच्यांना सातवीपर्यंत टाळ्या वाजवण्यापलीकडे काही मिळत नाही. मला ते पटत नाही.

दुसरी पायरी: विज्ञान, पावसापासून

तिसरी ते पाचवीला विज्ञान परिसर अभ्यासात येतं, सहावीपासून सामान्य विज्ञान वेगळं होतं. पहिली-दुसरीला पुस्तक नाही, पण डोळे आहेत. प्रयोगशाळा नसल्याची खंत नवीन शिक्षक फार करतात. प्राथमिकला खरंच तिची फारशी गरज नसते. ऋतू बघून प्रयोग निवडले की साहित्य आपोआप मिळतं.

जूनमध्ये पर्जन्यमापक. सरळ बाजूंची आणि सपाट बुडाची पारदर्शक बरणी घ्या. थंड पेयाची बाटली वापरणार असाल तर तिचं बूड खाचाखोचांचं असतं, म्हणून तळाशी खडे भरा, खडे बुडेपर्यंत पाणी ओता आणि त्या पातळीला शून्याची खूण करा. वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवला की नरसाळं तयार. बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटलीचं तोंड आणि अंग सारख्याच रुंदीचं असेल तर पट्टीवर दिसतो तोच पाऊस. ठेवायची जागा मोकळी हवी. झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर. बरेच जण सोयीचं म्हणून पागोळीखाली ठेवतात आणि मग शाळेत चेरापुंजीएवढा पाऊस पडतो.

हवामान खातं रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं. शाळेशेजारी राहणाऱ्या दोन मुलांना ही जबाबदारी द्या, आठवड्याला जोडी बदला. आकडा फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहायचा, महिन्याचा स्तंभालेख भिंतीवर. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी, एवढं सांगितलं की पाचवी-सहावीची मुलं शाळेच्या छपरावर किती पाणी पडलं ते स्वतः काढतात. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडलं की अतिवृष्टी धरतात, हे त्यांच्या वडिलांना तोंडपाठ असतं. मुलं घरी जाऊन आकडा सांगायला लागली की पालक शाळेत डोकावू लागतात. पालकसभेच्या चार सूचनांनी जे होत नाही ते इथे होतं.

सोबतच मटकी. तीन पेले: एकात कोरडी मटकी, एकात ओल्या कापसावर, एकात पूर्ण पाण्याखाली. दुसऱ्या दिवशी बघायचं, तिसऱ्या दिवशी बघायचं. यात शिकवायची गोष्ट मोड नाहीत, मोड त्यांनी घरी पाहिलेत. शिकवायचं ते हे, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं सारखं ठेवायचं. एका पेल्यात मटकी आणि दुसऱ्यात हरभरा टाकला, शिवाय एक उन्हात आणि एक कपाटात, तर कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही. तिसरीच्या मुलाला हे एकदा कळलं की पुढच्या प्रत्येक प्रयोगात ते तुम्हालाच अडवतं.

दिवाळीनंतर हळद. हळद पाण्यात कालवून वहीच्या कोऱ्या कागदावर लावा, वाळवा, पट्ट्या कापा. साबणाचं पाणी, खाण्याचा सोडा, पानाचा चुना यांनी पट्टी तांबडी होते. लिंबू पिळलं की परत पिवळी. चिंच, दही, आवळा, राख कालवलेलं पाणी, जे घरात असेल ते मुलं आणतात. हळद आणि चुन्यापासून कुंकू करायची जुनी रीत एखादी आजी सांगू शकेल, तिला वर्गात बोलवा. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून काढलेला रस आम्लात गुलाबी-लाल आणि चुन्याच्या निवळीत हिरवा होतो, म्हणजे एक पायरी पुढे जाता येतं. चुना मात्र तुम्हीच हाताळा. डोळ्यात गेला तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

वर्षभर चालणारा प्रयोग एकच सांगायचा झाला तर मी सावलीची काठी सांगेन. अंगणात १ मीटरची काठी सरळ उभी रोवा, ओळंब्याने तपासा. महिन्यातून एकदा, आकाश निरभ्र असेल त्या दिवशी, साधारण पावणेबारा ते एक या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. सर्वांत आखूड सावली त्या दिवसाची खरी मध्यान्ह, आणि ती बहुधा घड्याळाच्या बाराला येत नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, महाराष्ट्र त्याच्या पश्चिमेला, म्हणून पुण्याकडे ती सरासरी साडेबाराच्या पुढे आणि नागपूरकडे सव्वाबाराच्या सुमारास येते. पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला ही सावली सुमारे ९० सेंटिमीटर भरते आणि फेब्रुवारीच्या अखेरीस ५०च्या आसपास. मुलांनी दोरीने मोजून, तारखेसह लावलेल्या या दोऱ्या भिंतीवर टांगल्या की विज्ञान दिनाचा अर्धा मंडप सजला.

शून्य सावलीचा दिवस मे महिन्यात सुट्टीत निघून जातो. पण तो वर्षातून दोनदा येतो, आणि दुसऱ्यांदा येतो तेव्हा शाळा भरलेली असते: नागपूरकडे जुलैच्या मध्याला, पुण्यात जुलैअखेर, कोल्हापूर-सांगलीकडे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ढग बहुधा दगा देतात. तरी काठी तयार ठेवा, उघडीप मिळाली तर मुलं विसरणार नाहीत. सूर्याकडे थेट बघायचं नाही हे प्रत्येक वेळी बजावा, मोठ्या मुलांनाही.

खेळण्यांतून विज्ञान करायचं असेल तर अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली शेकडो खेळणी इंटरनेटवर मोफत आहेत, बरीचशी मराठीतून. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते हेच काम करत. सहलीचा विचार असेल तर मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, नागपुरात रमण विज्ञान केंद्र.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाबद्दल माझं मत थोडं कडू आहे. थर्माकोलचा ज्वालामुखी, सोडा आणि व्हिनेगर, आणि पाठ केलेलं माहितीपर भाषण, हे परीक्षकांनी इतक्या वेळा पाहिलेलं असतं की ते टेबलाजवळ थांबतही नाहीत. पर्जन्यमापक, जूनपासूनचे आकडे, आणि ‘जुलैच्या या आठवड्यात आमच्याकडे पाऊस झाला पण शेजारच्या मंडळात कमी, असं का?’ असं विचारणारी सहावीतली मुलगी, एवढ्यावर ते थबकतात. परीक्षकांचा ठरलेला प्रश्न ‘हे तू केलंस का?’ हाच असतो, आणि खरं उत्तर मुलाच्या चेहऱ्यावरच दिसतं. शाळेत सहावी-सातवीचे वर्ग असतील तर इन्स्पायर-मानक योजनेत मुलांच्या कल्पना ऑनलाइन भरा. निवड झाली तर नमुना तयार करायला १०,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यावर येतात. कल्पना मुलांच्याच भाषेत लिहा. तुमची भाषा लगेच ओळखू येते.

तिसरी पायरी: संघ आणि सराव

जिल्हा परिषद शाळांच्या स्पर्धा केंद्र, बीट (काही केंद्रांचा गट), तालुका, जिल्हा अशा चढत जातात. कबड्डी, खो-खो, लंगडी, धावणे, लांब उडी, उंच उडी हे ठरलेले. सोबत वक्तृत्व, समूहगान, लोकनृत्य अशा सांस्कृतिक स्पर्धाही असतात. लहान गट आणि मोठा गट कुठल्या इयत्तेचा, एका संघात किती खेळाडू, वय कुठल्या तारखेला मोजायचं, एका मुलाला किती खेळांत उतरता येतं, हे जिल्ह्यानुसार बदलतं. परिपत्रक मुख्याध्यापकांकडून मागून स्वतः वाचा. ‘मागच्या वर्षी असंच होतं’ यावर विसंबू नका.

निवड सगळ्यांची घ्या. ५० मीटर पळवा, उडी मोजा, आकडे वहीत लिहा. उडी मोजताना पाट्यापासून, म्हणजे उडी घ्यायच्या रेषेपासून, वाळूतल्या सर्वांत जवळच्या खुणेपर्यंतच अंतर धरायचं. हात मागे टेकला असेल तर तो हातच खूण. प्रत्येकाला तीन संधी. हे आकडे गणितात सरासरीला आणि लहान-मोठेपणाला वापरा.

सराव शेवटच्या तासाला, आठवड्यातून निदान तीनदा. आधी मैदानातले दगड वेचा, मुरमाचं मैदान असेल तर पाणी मारा. दहा मिनिटं अंग मोकळं केल्याशिवाय कुणीही पळायचं नाही. पळायच्या आधी आणि पळून आल्यावर मनगटाची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणायला शिकवा. मग दोन मिनिटांनी परत मोजायची. आकडा किती लवकर खाली येतो ते आठवड्या-आठवड्याने बघितलं की सराव लागू पडतोय का हे मुलांनाच समजतं, आणि विज्ञानाचा धडा जाता जाता होऊन जातो.

मैदान आखायला फक्की वापरा. कळीचा चुना अजिबात नको, तो कातडी आणि डोळे भाजतो. काटकोन धरायला दोरीची जुनी युक्ती: एका बाजूवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ मीटर आलं की कोपरा सरळ. मग कर्ण तपासा. समजा १२ बाय ८ मीटरचं मैदान आखलं, तर दोन्ही कर्ण १४.४२ मीटर भरले पाहिजेत. पायथागोरस सातवीच्या गणितात आहे, तेव्हा दोरी सातवीच्या हातात द्या आणि तुम्ही बाजूला उभे राहा. खो-खोचे खांब मात्र तुम्ही हलवून बघा. सैल खांब फार वाईट.

संघ बांधताना आपल्या भागातली एक गोष्ट विसरू नका. बीड, अहिल्यानगरकडच्या कित्येक गावांत दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबं जातात आणि ऐन स्पर्धेच्या महिन्यात निम्मा संघ कारखान्यावर असतो. कारखान्याच्या पट्ट्यात उलट, नवीन मुलं येतात आणि त्यांची नावं पटावर यायला वेळ लागतो. म्हणून कबड्डीचे सात मोजून थांबू नका, खेळू शकतील असे बारा-चौदा तयार ठेवा. आलेल्या मुलांची पटावर नोंद आधी, मग प्रवेशिका.

मुलींच्या संघाबाबत तीन गोष्टी स्पर्धेआधी फोन करून विचारा: स्पर्धेच्या ठिकाणी वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का, कपडे बदलायला खोली आहे का, आणि आपल्याबरोबर बाई माणूस कोण येणार. शाळेत दोन्ही पुरुष शिक्षक असतील तर शाळा व्यवस्थापन समितीतली एखादी आई किंवा पोषण आहाराच्या ताई सोबत घ्या. ‘मुलगी पाठवत नाही’ म्हणणारे बहुतेक वडील एवढ्यावर तयार होतात.

चौथी पायरी: ड्रॉ

केंद्राच्या स्पर्धांचं यजमानपद फिरत फिरत तुमच्या शाळेकडे येणारच. तेव्हा सामन्यांची आखणी तुमच्या माथी. दोन पद्धती आहेत. बाद पद्धतीत हरला तो बाहेर, आणि एकूण सामने संघांच्या संख्येपेक्षा एकने कमी. साखळीत प्रत्येकजण प्रत्येकाशी खेळतो: संघांची संख्या गुणिले एकने कमी, भागिले दोन. सहा संघांची साखळी म्हणजे १५ सामने, बाद पद्धतीत फक्त ५.

समजा केंद्रात अकरा शाळा आहेत. अकराच्या पुढची २, ४, ८, १६ या ओळीतली संख्या १६. सोळातून अकरा गेले, पाच उरले. म्हणजे पाच संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल, न खेळताच दुसरी फेरी. उरलेले सहा संघ तीन सामने खेळतात, तीन जिंकणारे आणि हे पाच मिळून आठ होतात, आणि तिथून गाडी सरळ: चार, दोन, एक. एकूण दहा सामने. चिठ्ठ्या सगळ्या संघ व्यवस्थापकांसमोर, एखाद्या लहान मुलाच्या हातून उचला, आणि तक्ता लगेच फळ्यावर लिहून केंद्रप्रमुखांची सही घ्या. पुढे चाल कुणाला मिळाली यावरून होणारी कुरबुर तिथेच मिटते.

आता वेळ. दहा-दहा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं विश्रांती, संघ बदलायला पाच मिनिटं: कबड्डीचा एक सामना अर्धा तास खातो. दहा सामने पाच तास. मुलगे आणि मुली दोन्ही धरले तर दहा तास, आणि डिसेंबरात सहाला अंधार पडतो. म्हणजे मैदानं दोन हवीत, पंच दोन जोड्या हव्यात. हा हिशेब आदल्या आठवड्यात केला नाही तर अंतिम सामना गाड्यांच्या दिव्यांत खेळवायची वेळ येते.

शाळेअंतर्गत स्पर्धेला मात्र नेहमी साखळीच ठेवा, कारण पहिल्याच सामन्यात बाद झालेली मुलं उरलेला दिवस धुळीत बसून काढतात. पट छोटा असेल तर चार गट करा, पहिली ते सातवीची मुलं प्रत्येक गटात मिसळून. नावं नद्यांची, किल्ल्यांची, मुलांना हवी ती. आखणी अशी: पहिला गट जागचा हलवायचा नाही, बाकीचे फिरवायचे. पहिल्या फेरीत १ विरुद्ध ४, २ विरुद्ध ३. दुसऱ्या फेरीत १–३, ४–२. तिसऱ्या फेरीत १–२, ३–४. संघ सहा असोत वा आठ, पद्धत हीच. विषम संख्या आली तर एक रिकामा संघ धरा. त्याच्याशी ज्याची जोडी लागेल तो त्या फेरीत विश्रांती घेईल आणि गुण लिहायला बसेल.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष दिवस

आदल्या दिवशी एका पिशवीत हे भरा: प्रवेशिका, फोटो चिकटवून मुख्याध्यापकांची सही-शिक्का मारलेली ओळखपत्रं, जनरल रजिस्टरवरून (शाळेत दाखल मुलांच्या नोंदवहीवरून) काढलेल्या जन्मतारखांची यादी, पालकांची संमतीपत्रं, शिट्टी, सुई-पंप, प्रथमोपचार पेटी, ग्लुकोज, पिण्याच्या पाण्याचा कॅन. पालकांचे फोन नंबर कागदावर लिहून घ्या, मोबाइलची बॅटरी दुपारी तीनला संपते. रुग्णवाहिकेसाठी १०८.

जीप ठरवताना किती मुलं बसणार हे आधी मोजा. टपावर आणि मागच्या फळीवर कुणीही नाही, चालक कितीही ओळखीचा असला तरी. जेवणाचं काय, हे पोषण आहाराच्या ताईंशी बोलून ठरवा: सकाळी शिजवून डब्यात द्यायचं की परत आल्यावर. शाळेत राहिलेल्या मुलांची खिचडी त्या दिवशीही वेळेवर झाली पाहिजे. सामन्याआधी पोटभर वडापाव खाल्लेला चढाईपटू पहिल्याच चढाईत बसतो.

पंचांचा निर्णय चुकला असं वाटलं तर मैदानात धावत जाऊ नका. संघ व्यवस्थापक म्हणून लेखी हरकत घ्या किंवा गप्प बसा. मुलं तुमच्याकडे बघत असतात. हरलेल्या संघाशी परतीच्या वाटेवर सामन्याबद्दल बोलायचं नाही, सोमवारी बोलायचं. त्या दिवशी फक्त ऊसाचा रस.

पैशांचं

समग्र शिक्षा योजनेतून क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० आणि उच्च प्राथमिकला १०,००० रुपये अशी तरतूद आहे. पटानुसार संयुक्त शाळा अनुदान वेगळं. रक्कम कधी आणि किती येईल यावर वर्षाची आखणी टांगून ठेवू नका. खरेदीचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत घ्या, पक्कं बिल घ्या, आणि वस्तू आली त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत) चढवा. लोकवर्गणी घेतलीत तर पावती द्या, शंभर रुपयांचीसुद्धा, आणि जमाखर्च संमेलनानंतरच्या सभेत वाचून दाखवा. पुढच्या वर्षी मागायला तोंड राहतं.

सहावी पायरी: सूचना आणि संमेलन

कार्यक्रमाची सूचना आठ दिवस आधी एकदा आणि आदल्या दिवशी एकदा. सगळे पालक व्हॉट्सॲपवर नसतात, म्हणून मुलांच्या वहीत लिहून द्या, दूध डेअरीच्या फळ्यावर लावा, देवळाच्या स्पीकरवर सांगा. भाषा साधी. ‘सर्व सन्माननीय पालकवृंदास सविनय विनंती’मध्ये वेळ कुठे आणि ठिकाण कुठे ते सापडत नाही. अशी लिहा:

*शनिवार, २० डिसेंबर. सकाळी ८ वाजता. शाळेच्या मैदानावर मुलांच्या खेळांच्या स्पर्धा. मुलांना नाश्ता करून, बूट घालून किंवा अनवाणी (चप्पल नको) पाठवा. पाण्याची बाटली द्या. दुपारी १ वाजता सोडू. पालकांसाठी रस्सीखेच आहे, नाव वर्गशिक्षकांकडे द्या.*

रस्सीखेचीचं वाक्य मुद्दाम आहे. बघायला बोलावलं तर दहा पालक येतात, खेळायला बोलावलं तर गाव येतं.

२८ फेब्रुवारी हा विज्ञान दिन. १९२८ साली या दिवशी सी. व्ही. रामन यांनी आपला शोध लावला आणि १९८७ पासून तो देशभर साजरा होतो. त्या दिवशी वर्गात टेबलं मांडा आणि प्रत्येक टेबलावर वर्षभरातला एक प्रयोग, करून दाखवणारी दोन मुलं. हळदीची पट्टी पालकांच्या हातात द्या, त्यांनाच तिच्यावर साबणाचं पाणी टाकू द्या. भाषणं ठेवूच नका.

स्नेहसंमेलनासाठी मंडप, स्पीकर आणि लाईटवाला महिनाभर आधी सांगा. लग्नसराईत तो तुमच्यासाठी थांबत नाही. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून काढा. रात्री दहानंतर स्पीकर बंद हा नियम शाळेलाही आहे, म्हणून सहाला सुरू करून साडेनऊला संपेल असा कार्यक्रम बांधा. बक्षीसवाटप आणि पाहुण्यांची भाषणं आधी ठेवली तर लहान मुलं मेकअपसकट झोपतात. पहिली-दुसरीचे नाच सर्वांत आधी, मग बाकीचं. गाणी निवडताना शब्द एकदा स्वतः ऐका. गावकरी नाचणाऱ्या मुलांसाठी मंचावर पैसे पुकारतात. ते एकेका मुलाच्या हाती न देता शाळेच्या नावाने पुकारायला सांगा आणि माईकवर लगेच पावती क्रमांक जाहीर करा, नाहीतर एकाच पोराच्या खिशात नोटा आणि बाकीच्यांची तोंडं उतरलेली. एक नाटुकलं किंवा सूत्रसंचालन अशा मुलांना द्या ज्यांचा तिसरा रकाना अजून रिकामा आहे. पडदा ओढणं, टाळ वाजवणं, संवाद एकच असला तरी चालेल, पण नाव माईकवर घेतलं गेलं पाहिजे.

एप्रिल

परीक्षा संपल्या की साहित्य मोजा. चेंडू, दोऱ्या, लेझमी, घुंगरू, भिंगं, चुंबक. तुटलेलं वेगळं काढा, रजिस्टरशी ताळा करा. फुटबॉलमधली हवा थोडी कमी करा, लेझमींच्या साखळ्यांना तेल लावा, पर्जन्यमापक उन्हात ठिसूळ होतो म्हणून आत घ्या. वहीत मंडपवाल्याचा, जीपवाल्याचा आणि पंचांचा नंबर, काय किती पैशांना पडलं, कुठल्या तारखेला कशाशी टक्कर झाली, हे लिहून ठेवा. मे महिन्यात बदल्यांची यादी लागली आणि तुमचं नाव त्यात आलं, तर वहीची एक प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा आणि मूळ वही सोबत न्या. नव्या शाळेतही हीच तीन खाती मिळण्याची शक्यता दांडगी आहे.